गळ्यातल्या चकतीवरचा नंबर

मुलीने पुण्याहून कुत्रा आणला तेव्हा त्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवलेली होती. रस्त्यात सापडलेलं तांबडं पिल्लू ते. आमच्या धारूरमध्ये तसली पन्नास फिरत असतील. पुढे मुलगी नोकरीसाठी लांब गेली आणि कुत्रा आमच्याकडे राहिला. चिप आहे म्हणजे काळजी नाही, असं मी धरूनच चालले होते. तरी ह्यांनी भांड्यांच्या दुकानातून पितळेच्या चकतीवर माझा मोबाईल नंबर कोरून आणला आणि पट्ट्याला अडकवला. कोरणाऱ्याने सवयीने विचारलं म्हणे, "भेट कुणाकडून लिहू?"

दिवाळीनंतर एका सकाळी ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा होता. मी शाळेत शिकवते. निघायच्या गडबडीत फाटक उघडं राहिलं. ट्रॅक्टर गेला आणि कुत्राही दिसेना. शाळेत रजा कळवली. किल्ल्याच्या वाटेपर्यंत हाका मारत फिरलो. शेवटी मुलीला फोन लावला.

"चिपवर बघ ना गं, कुठं आहे तो!"

"आई, चिप जागा दाखवत नाही. कुणी त्याला डॉक्टरकडे नेलं, त्यांनी मशीन फिरवलं, तरच नंबर दिसतो." मग ती म्हणाली, "आणि त्या नंबरासमोर माझा जुना फोन आहे. बंद झालेला."

मी पुन्हा चपला घातल्या आणि शोधायला निघाले.

दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. बाईचा आवाज, मागे कोंबड्यांचा कालवा.

"ताई, तुमचं कुत्रं हाय का तांबडं? आमच्या ट्रॉलीत गोधड्यांमधी झोपलं व्हतं. मांजरसुंब्याला आल्यावर दिसलं."

"हो, हो, आमचंच," मी म्हणाले.

"मुकादम म्हनला, द्या उतरून. म्या म्हनलं, गळ्यात नंबर हाय, कुनाचं तरी हाय हे. टायर पंक्चर झालंय, आमी हितंच हाओत. लवकर या."

ह्यांनी गाडी इतकी जोरात कधीच चालवली नव्हती. धाब्याच्या सावलीत ती बाई भाकरी खात बसली होती आणि आमचे चिरंजीव तिच्या पुढ्यात शेपूट हलवत होते. मला पाहून धावत आले, परत तिच्याकडे गेले, मग पुन्हा माझ्याकडे. मी रस्त्यातच खाली बसून त्याला कवटाळलं.

"लई लळा लावतंय," ती म्हणाली. "म्या चौथी शिकले, म्हनून नंबर वाचता आला."

घरी येताच मुलीकडून चिपच्या नोंदीत माझा नंबर घालून घेतला. पट्टा तुटून पडला तर निदान चिप तरी अंगात राहील.

दोन दिवसांनी ट्रॉलीतल्या त्या बाईचा फोन. "कारखान्यावर पोचलो आमी. ऱ्हायला पाचटाच्या कोप्या बांधल्या. कुत्रं बरं हाय का?"

बरं आहे म्हणाले, आणि तिच्या घरी कोण कोण आहे ते विचारत बराच वेळ बोलत बसले.