हलणारा फोटो

मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. संध्याकाळी आम्ही तिला बदनापूरला अग्नी दिला.

तेराव्यानंतर सासूबाई वाटूरला परत गेल्या. मी त्यांना फोनवर तिचा एक लहानसा व्हिडिओ पाठवला. अंगणात बसून ती सुपात डाळ निवडते आहे, मी हाक मारतो, ती वर पाहून हसते आणि पुन्हा मान खाली घालते.

त्यांचा फोन आला. "जावईबापू, ते दाबलं की माझा मोबाईल अडकून राह्यलाय. सकाळी फुलं हलणारे फोटो येतेत बघा, आपोआप हलतेत. तसं करून द्या."

"त्याला आवाज नसतो."

"आवाज हाय माझ्या कानात. मला ती हलताना पाह्यचीय."

मी संगणकावर व्हिडिओच्या फ्रेम, म्हणजे त्यातली एकेक चित्रे, सुट्या केल्या आणि त्यांची जीआयएफ, म्हणजे तसला हलणारा फोटो, करून पाहिली. फाइल त्यांच्या फोनला झेपेल एवढी लहान नव्हती. आकार घटवायला रंग कमी केले तर तिच्या गालावर डाग उमटले. मग मागची भिंत, तुळस, दोरीवरचे कपडे कापून टाकले, तेव्हा उरलेले रंग चेहऱ्याला पुरले.

शेवटी फाइल आणखी हलकी करायला ऑप्टिमाइझ केले. त्यात पहिली फ्रेम तेवढी पूर्ण राहते. पुढच्या प्रत्येकीत फक्त बदललेला भाग उरतो. मी एकेक फ्रेम वेगळी उघडून पाहिली. पहिलीत ती संपूर्ण होती. पुढे नुसती बोटे, मग पापण्या, मग ओठ. बाकी सगळी जागा रिकामी.

फाइल पाठवल्यावर सासूबाईंचा पुन्हा फोन आला.

"दिसली. बिलकुल तिच्यावाणी. पण हसती न हसती तोच परत डाळ निवडाया लागती. जिती होती तवा घडीभर निवांत बसली न्हाई, अन् आता तुम्ही बी बसू देईनात तिला."

मी ती हसते ती फ्रेम शोधली, तिचा थांबण्याचा वेळ वाढवला आणि पुन्हा एक्सपोर्ट केले.

"आता बराबर," त्या म्हणाल्या. फोन मात्र ठेवला नाही.

ती फाइल आता सासूबाईंच्या मोबाईलमध्ये आहे. माझ्याकडे मूळ व्हिडिओ आहे. त्यात मी तिला मारलेली हाक ऐकू येते.