डाव्या डोळ्याखालची सूज

त्या वर्षांत यवतमाळला बाहेरून कोणी आलं की आधी कापसाबद्दल विचारायचं. आमच्या कोर्टातही कापूस होताच. माझ्याकडे पोटगीची आणि घरातल्या मारहाणीची प्रकरणं जास्त. नवऱ्याच्या बाजूने येणाऱ्या जवळपास प्रत्येक जबाबात एक वाक्य ठरलेलं असे: कापूस हातचा गेला, द्यायला काही नाही. कधी ते खरं असायचं, कधी नसायचं. कुठे खरं आहे आणि कुठे नाही, ते उलटतपासणीत काढून घेणं हे माझं काम होतं आणि मला ते चांगलं जमायचं.

मी तेव्हा पन्नाशीकडे झुकले होते. माझ्या डोळ्यांखाली खोल खळगे आहेत, आईकडून आलेले. रात्रभर गाढ झोपून उठले तरी मी जागरण केल्यासारखी दिसायची. घरी याचं कोणाला काही नव्हतं. पण एकदा विरुद्ध बाजूचे वकील पुढची तारीख मागताना न्यायाधीशांना म्हणाले, "मॅडमसुद्धा आज थकलेल्या दिसतात, साहेब." तारीख मिळाली. मी अजिबात थकलेली नव्हते. माझे साक्षीदार सकाळपासून बाहेर बसले होते. माझ्या चेहऱ्याचा वापर माझ्याच पक्षकाराविरुद्ध झाला, याचा मला राग आला.

त्याच आठवड्यात मी नागपूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. खळगे भरायचं इंजेक्शन असतं, त्याला फिलर म्हणतात, एवढं मला माहीत होतं. माझे यजमान ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांना सांगितलं तेव्हा ते पेपर तपासत होते. वर न बघताच म्हणाले, "दुखतं का?"

"थोडं."

"मग गाडी मी चालवतो. येताना तुला नको चालवायला."

एवढीच चर्चा झाली. इंजेक्शन दोन्ही डोळ्यांखाली घेतलं. पहिले काही दिवस सगळं छान होतं. मी आरशात बघायची आणि मला मी आवडायची. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, पण सांगत फिरण्यासारखंही वाटलं नाही. म्हणून कोणाला सांगितलं नाही.

मग एका सकाळी डावा डोळा फुगलेला दिसला. डोळ्याखाली छोटी पिशवी लटकल्यासारखी, आणि तिच्यावर निळसर छटा. दुपारपर्यंत जरा उतरली, दुसऱ्या सकाळी पुन्हा तशीच. डॉक्टरांना फोन केला. नजरेत फरक पडलाय का, खूप दुखतं का, अंगात ताप आहे का, असं सगळं त्यांनी विचारलं. यातलं काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, उशी उंच घ्या, मीठ कमी करा, चोळू नका, थोडं थांबून बघू.

मी थांबले आणि कोर्टात जात राहिले. बार रूममध्ये कोणी विचारलं की सांगायची, ॲलर्जी आहे. समोरचा "अच्छा" म्हणायचा आणि लगेच नजर वळवायचा. दोन-तीनदा तसं झाल्यावर माझ्या लक्षात आलं. ही नजर माझ्या ओळखीची होती. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून बायका म्हणायच्या, दार लागलं, पाय घसरला, आणि तेव्हा मी त्यांच्याकडे अशीच बघायची. एका डोळ्याखाली निळी सूज घेऊन बाई ॲलर्जी म्हणते, यावर वकील मंडळी काय विश्वास ठेवणार.

आमच्या बारमधले सर्वांत ज्येष्ठ वकील, माझ्या वडिलांचे सोबती, यांनी एक दिवस मला बाजूला घेतलं. खूप अवघडले होते. म्हणाले, "हे बघ बेटा, काही असेल तर सांग. तो प्रोफेसर असला तर त्याच्या घरचा. मी उभा आहे."

"काका, खरंच काही नाही."

"सगळ्या हेच म्हणतात," ते म्हणाले. आणि तेही खरंच होतं.

संध्याकाळी मी हसत हसत हे घरी सांगितलं. यजमान हसले नाहीत. म्हणाले, "आज आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून रागावर ताबा कसा ठेवावा ते समजावलं. मला वाटलं पोरांना मारण्याबद्दल बोलतायत. मी आयुष्यात पोराला हात लावला नाही. नंतर कळलं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय सांगू? इंजेक्शन तू घेतलंस. सांगायचं की नाही ते तू ठरवायचं."

स्टाफरूममध्ये ते गेले की गप्पा थांबत होत्या, हे मला दुसऱ्याच कोणाकडून नंतर समजलं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

मी पुढच्याच आठवड्यात पुन्हा नागपूरला जायचं ठरवलं. पण त्याआधी माझी एक पक्षकार ऑफिसात आली. माहेर नेरजवळच्या खेड्यात, तिशीतली, सासरी चांगली ओलिताची जमीन. नवरा मारायचा म्हणून ती दोन वर्षांपासून माहेरी होती आणि लोहाऱ्याला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करायची. तिची साक्ष तोंडावर आली होती. अत्यंत शहाणी बाई, प्रश्न नीट ऐकून मग उत्तर देणारी. माझा सगळा भरवसा तिच्या साक्षीवर होता.

ती बसली आणि म्हणाली, "बाई, मले केस काढून घ्याची आहे."

"का? कोणी धमकी दिली?"

"नाई."

"मग काय झालं?"

मागच्या तारखेला कोर्टात बघितलेला माझा सुजका डोळा तिने पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाली, "तुमी एवढ्या शिकलेल्या. कायदा तुमाले पाठ. तुमच्या घरी बी हेच चालू असन तं मी कोण लागून गेली?"

मी तिला सगळं सांगितलं. खळगे, नागपूर, इंजेक्शन, सूज. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मी बी दवाखान्यात सांगतलं होतं, न्हाणीत पाय घसरला म्हणून. डॉक्टरीणबाईनं लिहून घेतलं."

म्हणजे विश्वास बसला नव्हता. आता हिला कागद दाखवायचे, शपथ घ्यायची, की काय करायचं. मी जरा विचार करून म्हटलं, "शनिवारी तुला सुट्टी असते ना? माझ्यासोबत नागपूरला चल. डोळ्यांनी बघ."

पक्षकाराला असं गाडीत घालून नेणं रीतीत बसत नाही, हे मला ठाऊक होतं. पण दुसरा मार्ग मला दिसत नव्हता आणि तेव्हाही तो निर्णय मला बरोबरच वाटला.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. यजमान गाडी चालवत होते, मी शेजारी, ती मागे. ती एक शब्द बोलली नाही. मी आरशातून बघितलं तर ती माझ्याकडे नाही, यजमानांकडे बघत होती. ते गिअर बदलायला हात उचलायचे तेव्हा तिची नजर त्या हाताबरोबर जायची आणि मग माझ्या चेहऱ्यावर यायची. मी दचकते का, ते ती बघत होती.

कळंबला चहाला थांबलो. चहा आला तेव्हा यजमान म्हणाले, "सोबतचं नमकीन हिला देऊ नका, सूज वाढते," आणि नमकीनची बशी माझ्यापुढून उचलून माझ्या पक्षकारासमोर सरकवली. मी चिडून म्हटलं, "एक दाणा खाल्ला तर मरणार नाही मी." मी बशी ओढली. ते म्हणाले, "खा मग," आणि बिल द्यायला उठले. ती हे सगळं बघत होती. गाडीत बसल्यावर तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. "सर, काच थोडी खाली करता का?" वर्धा येईपर्यंत तिला झोप लागली होती.

दवाखान्यात मी डॉक्टरांना म्हटलं, ही माझ्यासोबत आत येईल. डॉक्टरांनी डोळ्याखाली बोट ठेवून बघितलं, बारीक दिव्याचा उजेड पाडला आणि सरळ सांगितलं, "या बाजूला औषध थोडं वरच्या थरात राहिलंय. ते पाणी धरून ठेवतं, म्हणून सकाळी जास्त फुगतं. निळं दिसतं तेही त्यामुळेच. विरघळवून टाकू." आधी हातावर ते विरघळवायचं औषध थोडं टोचून रिअ‍ॅक्शन येते का ते पाहिलं. मग डोळ्याखाली सुई. मला चांगलंच झोंबलं. मी हात पुढे केला तर तिने तो घट्ट धरला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "एवढं दुखते तं कायले केलं, बाई?"

"मला हवं होतं म्हणून."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

तिने यावर विचार केला. मग पदर तोंडाशी धरून हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

परतताना देवळीच्या पुढे ती मागून म्हणाली, "सर, मी तुमच्याबद्दल लय वाईट इचार केला."

यजमान म्हणाले, "तुम्ही एकट्या नव्हत्या. आमचे प्राचार्यही होते."

दोन दिवसांत सूज उतरली. डाव्या बाजूचा खळगा परत आला, उजवी बाजू भरलेली राहिली. आता मी थोडी तिरपी दिसत होते. सोमवारी बार रूममध्ये चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर काय झालं ते सांगून टाकलं. काही जण खाली बघून हसले. काका म्हणाले, "म्हणजे मी त्या बिचाऱ्याला रस्त्यात नमस्कार करायचं उगीच सोडलं." त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले, यजमानांशेजारी बसून दोन कप चहा प्याले आणि सगळा वेळ पावसापाण्याबद्दल बोलले. दोन तरुण वकील मुलींनी मात्र मला जिन्यात गाठून डॉक्टरांचा पत्ता विचारला.

साक्षीच्या दिवशी विरुद्ध बाजूच्या वकिलांनी दवाखान्याचा कागद पुढे केला. न्हाणीत पाय घसरला, असं तुम्हीच सांगितलं होतं ना, असं त्यांनी विचारलं. प्रश्न संपेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "हो, सांगतलं होतं. तवा घरी परत जाचं होतं. आता जाचं नाई, म्हणून खरं सांगून राह्यली." त्यांनी तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला, उत्तर हललं नाही. कापूस गेला हे मी नाकारलं नाही. त्याच ओलिताच्या जमिनीतल्या तूर आणि सोयाबीनच्या पैशांचं काय झालं, तेवढं तिच्या नवऱ्याला विचारलं. पोटगीचा आदेश आमच्या बाजूने झाला.

वर्षभराने मी त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी या वेळी डाव्या बाजूला अगदी थोडं, हाडालगत खोल औषध दिलं. ते नीट बसलं. या वेळी गाडी जाताना मी चालवली आणि यजमान शेजारी बसून सारखे ब्रेक दाबत होते, जिथे ब्रेक नव्हता तिथे.