तिसऱ्या पुकाऱ्याआधी

सदूकाकांचं माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे. ते आमच्या तालुक्याच्या कोर्टात शिपाई होते. विद्यापीठात फौजदारी न्यायाचा अभ्यास करताना सुट्टीत मी त्यांच्या कोर्टात जाऊन बसायचो. खटला निघाला की काका दारातून नावाचा पुकारा करत. तिसऱ्या पुकाऱ्यालाही आरोपी आला नाही, तर वॉरंट निघायचं. म्हणून दुसरा झाला की काका नळापर्यंत, चहाच्या टपरीपर्यंत जाऊन माणूस शोधून आणत.

"काका, हे तुमचं काम आहे?" मी एकदा विचारलं.

"तुझ्या पुस्तकात नसंल रं. पण घाबरलेल्या माणसाला स्वतःचं नाव ऐकू येत नाही बघ."

माझ्या वर्गातले कुणी पोलिसात गेले, कुणी तुरुंग खात्यात. मी परिविक्षा अधिकारी झालो. तुरुंगाऐवजी सुधारायची संधी मिळालेली माणसं माझ्या देखरेखीखाली असतात.

आज त्यांच्यातल्या गणपतचे दोन पुकारे झाले, तरी तो दिसेना. मी फाईल बाकावर टाकून धावलो. तो दाराजवळच, जिन्याखाली हात जोडून उभा होता. पुकारा त्याच्या डोक्यावरूनच गेला असणार.

"चला गणपतराव, बोलावतायत."

"माझं नाव घेतलं व्हय, साहेब?"

घरी येऊन पत्र लिहिलं:

"तीर्थस्वरूप सदूकाका, आज तिसऱ्या पुकाऱ्याआधी माणूस आत पोचला. जिन्याखालीही बघायचं असतं, हे मात्र तुम्ही सांगितलं नव्हतं."