उथळ बाजूची भिंत

ती घटना आठवली की आजही माझा हात नकळत डोक्याच्या मागच्या बाजूला जातो. मला स्वतःला तिथं काही लागलं नव्हतं. लागलं होतं पनवेलच्या एका पोहण्याच्या तलावावरच्या सहा मुलांना, आणि त्या सहा टेंगळांनी मला चार दिवस पुरतं गोंधळवून सोडलं होतं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. एवढी नोकरी झाल्यावर माणसाला वाटायला लागतं, आता आपल्याला कोण फसवणार?

एका सकाळी ठाण्यात हजेरी घेऊन मी खुर्चीत टेकतोय, तोच एक शिक्षिका भेटायला आल्या. त्यांच्या वर्गातल्या दोन मुलींच्या डोक्याला मागून टेंगूळ होतं, एकीच्या बोटांचे सांधे सुजले होते. दोघी स्पर्धेसाठी पोहण्याची तयारी करत होत्या, एकाच प्रशिक्षकाकडे.

"काय झालं विचारलं की दोघीही म्हणतात, भिंत लागली," बाई म्हणाल्या. "साहेब, भिंत लागली, दार लागलं, पाय घसरला, मार खाणारी मुलं हेच सांगतात. आणि तो माणूस हातात काठी घेऊन फिरतो. मी डोळ्यांनी पाहिलंय."

बाईंचं म्हणणं मला लगेच पटलं, कारण माझाही अनुभव तोच होता. स्टेशन डायरीला नोंद केली आणि आमच्या महिला हवालदारांना साध्या वेशात मुलांच्या घरी पाठवलं. लहान मुलांना ठाण्यात बोलवायचं नसतं; आईवडिलांसमोर, घरच्या घरी विचारायचं असतं. त्या प्रशिक्षकाकडच्या तीसेक मुलांपैकी सहा जणांना लागलेलं निघालं. सहाही जणांचं उत्तर एकच, भिंत लागली.

"सर, पढवल्यासारखं बोलतात सगळी," हवालदारबाई म्हणाल्या. "पण एक गंमत आहे. सरांचं नाव काढलं की एकही पोर दचकत नाही. एकीनं तर मलाच विचारलं, सरांना उगाच त्रास तर देणार नाही ना तुम्ही?"

इथं मला थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. एकच अपघात सहा जणांनी पाहिला तर सहा जबाब निघतात, हे मी उमेदवारीपासून बघत आलो होतो. जबाब तंतोतंत जुळले की समजायचं, कुणीतरी पाठ करून घेतलेत. मी तलावावर गेलो, मुलांच्या आणि पालकांच्या देखत प्रशिक्षकाला जीपमध्ये बसवलं आणि त्याची काठी पंचनामा करून जप्त केली.

माणूस चाळिशीचा, मूळचा समुद्रकाठच्या करंजा गावचा, कोळ्याघरचा. अंगानं काटक, बोलायला कमी.

"मी कंदी पोरांना हात नाय लावला, साहेब," तो म्हणाला. "ती काठी नवीन पोरांना धराया हाय. बुडाया लागली की पुढं करतो."

"मग टेंगळं कशी आली?"

"उलटं, पाठीवर पोवताना भिंत दिसत नाय. म्हनून भिंतीच्या पाच मीटर आधी पान्यावर पताका बांधल्यात. पताका दिसली की मोजून चार हात मारायचे न पलटी मारायची. मोजायला चुकलं की डोका आपटतं, नायतर हाताची बोटं."

"गेल्या वर्षी किती जणांचं आपटलं?"

"एक-दोगांचं. नवीन होती."

"आणि यंदा सहा जण एकदम मोजायला विसरले? शिकलेली मुलं?"

तो म्हणाला, "मना पन तेच कलत नाय, साहेब."

मी टेबलावर हात आपटला. हे 'कळत नाही' मी मुरलेल्या चोरांकडून इतक्यांदा ऐकलं होतं की माझं डोकंच फिरलं. दोन दिवस त्याला सकाळी बोलवायचं, बाकावर बसवायचं, तेच प्रश्न उलटसुलट विचारायचे आणि संध्याकाळी सोडायचं, असं चाललं. त्याचं उत्तर तसूभरही बदललं नाही. इकडे पालकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये बातमी पसरली होती. निम्मी मुलं यायची बंद झाली. तलावाच्या व्यवस्थापकानं महिनाअखेरीस दुसरा माणूस बघतो असं सांगून टाकलं. मुलांना मारणारा हा शिक्का एकदा बसला की त्या माणसाच्या हाती पुन्हा कुणी पोर देत नाही. हे मला समजत होतं, तरी माझ्यापुरतं प्रकरण सरळ होतं. सरळ होतं तर मग झोप का लागत नव्हती, हे विचारू नका.

तिसऱ्या दिवशी एक बाई अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन स्वतःहून ठाण्यात आल्या. मुंबईला ऑफिसात नोकरी, पनवेलला नुकतंच घर घेतलेलं. मुलगी त्या सहांपैकीच एक.

"सॉरी सर, पण ही ऐकतच नाहीये. सकाळपासून जेवली नाही. तिला एकदा बोलू द्या."

मुलगी माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अंकल, उथळ बाजूचीच भिंत लागते. खोल बाजूची नाही लागत."

"म्हणजे?"

"तिकडे मी फोर स्ट्रोक्स मोजते, बरोबर येते. इकडे पण फोरच मोजते, तर डोकं आपटतं. सर मला ओरडले, लक्ष नाही म्हणून. पण मी मोजते अंकल, खरंच मोजते."

मी आणखीनच गोंधळलो. मुलं पढवणारा माणूस 'भिंत लागली' एवढं शिकवेल. कोणत्या बाजूची, हे कशाला शिकवेल? मी उठलो आणि हवालदाराला टेप आणायला सांगितली. कर्नाळ्याकडच्या हायवेवर अपघात झाला की मोजमाप घ्यायची आमची लांब टेप. साहेबांचं काहीतरी बिनसलंय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

दोन पंच घेतले, व्यवस्थापकाला आणि प्रशिक्षकाला बोलावलं आणि तलाव मोजला. कागदोपत्री पंचवीस मीटर. टेपवर आलं चोवीस मीटर चाळीस. पुन्हा मोजलं, दुसऱ्या कडेनं मोजलं, तेच. त्या त्या बाजूच्या पताकांपासून खोल बाजूची भिंत बरोबर पाच मीटरवर, उथळ बाजूची साडेचारही नाही.

व्यवस्थापकाला विचारलं तेव्हा तो सहज म्हणाला, "उन्हाळ्यात लीकेज होतं ना. ठेकेदारानं आतून दुसरी भिंत बांधून वर टाइल्स मारल्या. दोन फूट तर सरकली, त्यात काय एवढं?"

प्रशिक्षकाला कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. सुट्टीवरून आल्यावर त्याला नव्या टाइल्स दिसल्या आणि छान वाटल्या, बस्स. उलटं पोहणारी ती सहाही पोरं पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती, तोही सांगत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात; इथं तर चोरही नव्हता, तरी मी सुळी तयार ठेवली होती.

मला हायसं वाटलं. त्याच्याकडे बघितलं तर तो तलावाच्या काठावर मुलांच्या वेळांची वही उघडून बसलेला.

"म्हंजी दुरुस्तीपासनं सगली टायमिंग खोटी," तो म्हणाला.

आधी मला समजलंच नाही. मग उलगडा झाला. तलाव आखूड, म्हणून शंभर मीटरला प्रत्येक मूल दीड-पावणेदोन सेकंद लवकर पोचत होतं. त्याला वाटलं होतं, आपली मेहनत फळाला आली. त्यानं पेढे वाटले होते. ती अकरा वर्षांची मुलगी राज्य स्पर्धेच्या पात्रतेच्या वेळेत बसते म्हणून आईनं सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं.

"अहो, तुम्ही सुटलात," मी म्हटलं. "ते कशाला उगाळताय? कुणी विचारणार नाही."

"पोरीला तिकडं हजार मान्सांत कललं तर? हितंच कलूंदे."

रविवारी त्यानं पालकांना बोलावलं. मी दोन शब्द सांगून निघायचं म्हणून गेलो होतो. त्यानं वही उघडली आणि एकेका मुलाचं नाव घेऊन दुरुस्त केलेली, खरी वेळ वाचली. ती मुलगी हुंदके देऊन रडली. तिची आई म्हणाली, "सर, नसतं सांगितलं तर चाललं नसतं का?" एका वडिलांनी तिथल्या तिथं मुलाचं नाव काढून घेतलं. तो माणूस खाली मान घालून शेवटच्या नावापर्यंत वाचत राहिला.

मला फार लाज वाटली. दोन सेकंदांचं खोटं ज्याच्या पोटात राहत नाही, त्याला मी दोन दिवस बाकावर बसवून खोटारडा म्हटलं होतं. चौकशीच्या कागदावर मी एवढंच लिहिलं होतं, 'तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' निर्दोष माणसाला आमच्याकडून मिळतं ते हे एक वाक्य, आणि तेही फाइलमध्ये पडून राहतं. मी उभा राहिलो आणि ते वाक्य सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मग कागदावर नव्हतं तेही बोललो, की चूक माझी होती. मुलं खरं बोलत होती आणि मी ऐकलं नाही.

त्यानंतरच्या उरलेल्या नोकरीत जबाब जुळले म्हणून मी कुणावर संशय घेतला नाही. आधी जागा मोजली, मग माणूस. पण त्या सभेनंतरही चार मुलं तलावावर परत आली नाहीत. त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगितलं होतं. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं, आणि दारापर्यंत सोडायला आलेल्या एका आजोबांनी हळूच विचारलं, "साहेब, पण काहीतरी केलं असेल ना त्यानं? उगाच पोलीस कशाला नेतील?"