बारवी रोडवरचं फ्रेंच जेवण

बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्यावर, त्या काळी एक फ्रेंच पद्धतीचं हॉटेल होतं असं मी आज कुणाला सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतात. पण होतं. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका कापडवाल्या सिंधी घरातली सून काही वर्षं नवऱ्याबरोबर फ्रान्सला राहून आली होती. तिकडची खेड्यातली छोटी मुक्कामाची हॉटेलं तिच्या मनात बसली होती. सासऱ्यांच्या जमिनीवर तिने तसंच एक उभं केलं. उतरतं कौलारू छप्पर, निळ्या झडपांच्या खिडक्या, पुढे लव्हेंडरचा वाफा. लव्हेंडर काही आमच्याकडच्या हवेत जगलं नाही, म्हणून त्या वाफ्यात जांभळी कोरांटी लावली होती. जवळच्या पाड्यावरच्या बाया पांढरे एप्रन बांधून वाढायला असत.

आम्ही तिथे गेलो ते बाबांच्या कंपनीच्या कृपेने. बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात अधिकारी होते. त्यांचे डायरेक्टर साहेब तरुणपणी ट्रेनिंगसाठी फ्रान्सला जाऊन आले होते आणि त्यानंतर त्यांना इथलं काहीच पटेनासं झालं होतं. प्लांट मॅनेजर निवृत्त होणार होता. त्या जागेवर बसू शकतील अशा तीन अधिकाऱ्यांना साहेबांनी बायकामुलांसह दोन दिवस विश्रांतीला नेलं. विश्रांती कसली, वधूपरीक्षाच ती. फक्त पोहे आपण करायचे नव्हते.

तरीही खोटं बोलणार नाही, पहिला दिवस फार सुखाचा गेला. मी नववीत होते. आईला कुणी पाण्याचा पेलासुद्धा उचलू देईना. मालकीणबाई म्हणायची, "भाभी, तुम्ही बसा, आराम करा, यहाँ सब होतं." आई व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसली आणि हात कुठे ठेवावेत हे न कळून तिने माझी वेणी सोडून पुन्हा घातली. मग तिथेच तिला झोप लागली. दिवसाउजेडी झोपलेली आई मी तोवर पाहिलीच नव्हती. रात्री कांद्याचं सूप आलं, वर वितळलेलं चीज आणि भाजलेला पाव. आईने पहिला चमचा तोंडात घातला आणि म्हणाली की आपण कांदा नुसता जाळत आलो गं इतकी वर्षं. आई स्वयंपाकात सुगरण होती आणि दुसऱ्याच्या हातचं सहसा वाखाणायची नाही, तेव्हा ही मोठीच पावती होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण संपता संपता साहेबांनी मालकीणबाईंना खूण केली. मुंबईहून मुद्दाम मागवलेलं चीज लाकडी पाटावर आलं. ते यायच्या आधी त्याचा वास आला. मेलेला उंदीर कपाटामागे राहावा तसा. एका अधिकाऱ्याच्या मुलाला तिथेच उमासा आला, त्याच्या आईने त्याला बाहेर नेलं. बाकी सगळ्यांचे रुमाल नाकाला. साहेब एकेकाचं तोंड बघत मजेत हसत होते.

बाबांनी शांतपणे सुरीने तुकडा कापला, पावावर ठेवला, खाल्ला. मग दुसरा कापला.

"बघा," साहेब टेबलावर हात मारून म्हणाले, "ह्याला म्हणतात टेस्ट. ह्या एका माणसाला खाणं कळतं."

सगळे बाबांकडे कौतुकाने बघत होते. मीसुद्धा. आई मात्र वेगळ्याच नजरेने बघत होती. आमच्या कॉलनीत शेजारी सुके बोंबील भाजायला घेतले की चपला घालून पार स्टेशनापर्यंत चालत जाणारा हा माणूस. फोडणीत हिंग कमी पडलं तर जिन्यातून ओरडून सांगणारा. ओरडणं कधी बंद झालं, हे ती आठवत असावी.

खोलीत आल्यावर तिने पिशवी काढली. तिथे जेवण मिळेल न मिळेल म्हणून तिने मेतकूट, लोणचं असं सगळं बरोबर आणलं होतं. आम्ही लोक कुणाकडे पंचपक्वान्नांना गेलो तरी पिशवीत डबा असतोच. बाबांचं पोट बिघडलं तर म्हणून हिंगाची डबीही होती. तिने ती उघडली. मी पलंगावर डोळे मिटून पडले होते, तिथपर्यंत दर्प आला.

"डोळे मिटा," आई म्हणाली.

बाबांनी काहीतरी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. तिने डबी त्यांच्या नाकाशी धरली आणि कसला वास आहे ते सांगा म्हणाली. बाबांनी दोनदा हुंगलं. मग परीक्षेत बसलेल्या मुलासारखं म्हणाले, "वेलची?"

आईने डबी बंद केली.

मग बाबांनी सांगितलं. दोन वर्षं झाली होती. प्लांटमध्ये एकदा गॅस नाकातोंडात गेला, मग सर्दी झाली, सर्दी गेली ती नाक घेऊनच गेली. खारट-गोड कळायचं, बाकी काही नाही. कंपनीच्या डॉक्टरला सांगायची सोय नव्हती, कारण आधी एका फोरमनचं असंच झालं होतं, तर त्याला स्टोअरमध्ये बसवलं आणि पुढच्या वर्षी घरी. आईला पहिल्यांदा राग आला तो स्वयंपाकाचाच. दोन वर्षं रोज छान झालंय, छान झालंय म्हणत होतात, मग मी कुणासाठी खपत होते, असं ती दबक्या आवाजात विचारत राहिली. आणि मग एकदम थांबली. त्या प्लांटमध्ये कुजक्या अंड्यासारखा वास येणारा गॅस असायचा. तो गळला की मीटरच्या आधी माणसाच्या नाकाला कळतं, हे कॉलनीतल्या पोरांनाही पाठ होतं.

बाबा म्हणाले, मॅनेजर झालो की केबिनमध्ये बसायचं असतं, तिथे नाक लागत नाही. आई म्हणाली, प्लांट बंद करायचा की नाही हे कोण ठरवतं? बाबांनी हिंगाची डबी उचलून पिशवीत ठेवली.

जागा बाबांनाच मिळाली. त्या चीजमुळेच मिळाली असं माझं आजही मत आहे. आईने नको म्हटलं नाही, सांगूनही टाकलं नाही. तिने आपल्यापरीने एक उपाय काढला. बाबा दुपारी जेवायला घरी येत, तेव्हा दारातच ती त्यांच्या शर्टाचा वास घ्यायची. संध्याकाळी पुन्हा. शेजारणी चेष्टा करायच्या की वहिनी नवऱ्याच्या शर्टाला कुणाचं अत्तर लागलंय का बघतात. आई हसायची. कधी ती म्हणायची, आज थोडा आहे, की बाबा जेवून तडक परत जायचे आणि कुठलातरी सांधा बदलून घ्यायचे. दोन माणसांत मिळून एक नाक, असा तो कारभार दीडेक वर्ष चालला. मला वाटलं चालतच राहील.

एका दुपारी बाबा उशिरा आले. आईने दार उघडलं आणि ती एक पाऊल मागे सरली.

"अहो, परत जा. आत्ता."

बाबा म्हणाले की मीटर व्यवस्थित आहे. सकाळी कामगारही वास येतोय म्हणून सांगायला आले होते, पण मी स्वतः टाकीपाशी जाऊन उभा राहिलो, काही नव्हतं, म्हणून लावलं त्यांना कामाला.

"तुम्ही उभं राहून काय उपयोग?" आई म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता. बाबा ताटाला न शिवता स्कूटरवर बसले.

ते पोचले तेव्हा टाकीच्या खालच्या खड्ड्यातून दोघांना वर काढत होते. एक व्हॉल्व्ह फिरवायला उतरलेला, दुसरा त्याला ओढायला. दोघंही बुवापाड्याच्या वस्तीतले, दोघंही गेलेले. एकजण तर सकाळी सांगायला आलेल्यांतलाच होता. आई नंतर त्याच्या घरी गेली. त्याच्या बायकोने मॅनेजरसाहेबांची बायको म्हणून तिला खुर्ची पुसून दिली. आई बसली, आणि जे सांगायला गेली होती ते न सांगता परत आली.

कंपनीने ठरवलं की कामगार मास्क न लावता उतरले. मास्क बाबांच्या केबिनमागच्या कपाटात कुलपात असायचे. मीटरही नादुरुस्त निघाला. बाबांचं मात्र नाव झालं, जेवणाचं ताट सोडून धावत आलेला मॅनेजर. साहेबांनी त्यांना चार दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं आणि कुठे, तर बारवी रोडवर. बाबा नाही म्हणू शकले नाहीत. त्यांना तेव्हा कशालाच नाही म्हणता येत नव्हतं.

तीच खोली, तेच सूप, बरोबर आई आणि मी. बाबा वाढलेलं खात होते आणि व्हरांड्यात बसून कोरांटीकडे बघत होते. शेवटच्या दुपारी साहेब जेवायला आले. मालकीणबाईने आठवणीने ते चीज ठेवलं होतं, खास साहब के लिए. बाबांनी सुरी उचलली. साहेब कौतुकाने म्हणाले, असा दर्दी माणूस माझ्या कंपनीत दुसरा नाही.

आई म्हणाली, "साहेब, ह्यांना वास येत नाही. तीन-साडेतीन वर्षं झाली. ती माणसं सांगायला आली होती तेव्हा ह्यांना काही कळलंच नाही."

बाबांच्या हातात सुरी तशीच होती. साहेबांनी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि मला वाटतं त्यांनी त्या तेवढ्या वेळात सगळा हिशोब केला, कोर्ट, युनियन, स्वतःची खुर्ची. मग वळून ते मालकीणबाईंना म्हणाले, "कॉफी आणा."

त्यानंतर या विषयावर कुणी, कधी, एक अक्षर काढलं नाही. बाबा निवृत्त होईपर्यंत त्याच जागेवर राहिले. त्यांना काढलं असतं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं.

परतताना आम्ही कंपनीच्या जीपमधून कुळगावला आलो. तिथे बाजारात गाडी अडली, तेव्हा बाबांनी आईला हळूच विचारलं, "त्या चीजला वास कसला येतो गं?"

"त्या दिवशी तुमच्या शर्टाला येत होता ना," आई म्हणाली, "त्याच्याच जवळपासचा."

बाबांनी मान डोलावली. मग त्यांनी अंगातल्या शर्टाची कॉलर नाकाशी धरली आणि अंबरनाथ येईपर्यंत ती सोडली नाही.