वखारीच्या धक्क्यावरची मावशी

ओहोटीला ती चिखलातून चालत यायची, पहिल्या खांबाला शिंपल्यासकट चिकटलेलं एक कालव हातोडीच्या टोकाने उघडायची, आधी स्वतः खायची आणि मग समोरच्या माणसाकडे बघायची. तोवर कोणी कितीही ‘मावशी, मावशी’ केलं तरी हिला ऐकूच यायचं नाही. एकदा बोलायला लागली की मात्र दुसऱ्याची पाळी यायची नाही. कोणी आपली अडचण सांगायला तोंड उघडलं की म्हणायची, “ते झालं. पुढचं बोल.”

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. समोर असतात तोवर राग येतो, आणि घरी गेल्यावर आपण त्यांचंच बोलणं सगळ्यांना ऐकवत बसतो. डहाणूच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी तिची इतकी नक्कल केली, की माझी मुलगी गृहपाठ राहिला की मलाच सांगायची, ते झालं, पुढचं बोल.

माझी तिच्याशी गाठ पडली ती धक्क्यामुळे. झाई गावाच्या अलीकडे खाडीच्या काठाला एका जुन्या लाकडाच्या वखारीचे अवशेष आहेत. तलासरीकडच्या जंगलातलं सागवान बैलगाड्यांनी इथे यायचं, कापलं जायचं आणि धक्क्यावरून गलबतांत चढायचं. वखार कधीच बंद पडली. आता उरला आहे घडीव दगडांचा एक उतार, ट्रॉलीच्या रुळाचे गंजके तुकडे आणि चिखलातून वर आलेले सागाचे खांब. हे सगळं मोजायला मुंबईहून पुरातत्त्वाचे एक प्राध्यापक आले आणि नकाशे काढायला त्यांनी मला घेतलं. तोवर मी बिल्डरांचे नकाशे काढत आले होते, म्हणजे जे अजून उभं राहिलेलं नाही ते. पडलेल्याचा नकाशा काढायचा म्हटल्यावर मला जरा हायसंच वाटलं. निदान मालक तरी मध्ये येणार नाही.

मालकीण पहिल्याच दिवशी आली. खांबाचे बोल्ट दिसावेत म्हणून सर त्यावरची कालवं पटाशीने खरवडत होते. तिने टोपली खाली ठेवली, सरांच्या हातातली पटाशी काढून घेतली आणि सांगितलं की ही कालवं ती काढते, तिची सासू काढायची, आणि ज्याला खांब बघायचा असेल त्याने ती काढून होईपर्यंत थांबावं. सरांनी परवानगीचा कागद काढला. तिने तो बघितलाही नाही.

त्या दिवसापासून आमच्या सर्वेक्षणाचा क्रम मावशीच्या टोपलीने ठरू लागला. ती एक खांब मोकळा करायची, मग सर त्यावर भिंग घेऊन वाकायचे, मग मी तो नकाशावर काढायचे. सर आठवडाभर धुसफुसले. पुढे तिने दिलेल्या कालवांवर पिळायला खिशात लिंबू घेऊन यायला लागले. मला ती ‘बेन’ म्हणायची, उंबरगावच्या गुजराती बाजारात बसून तिच्या जिभेला लागलेली ती सवय होती. माझे बूट, माझी टोपी, माझा डबा, कशालाच तिने कधी चांगलं म्हटलं नाही. पण चिखलात माझा पाय रुतला की काढायला सगळ्यात आधी तीच असायची.

दुसऱ्या हिवाळ्यात सरांना धक्क्याच्या दक्षिणेला खांबांची आणखी एक रांग सापडली. लाकूड तेच, पण खांबांवरच्या खाचा उलट्यासुलट्या. सर हरखून गेले. धक्का मोडल्यावर त्याच्याच लाकडातून नंतर कोणीतरी ही रांग उभी केली, असं त्यांनी ठरवलं. मी नकाशावर ती वेगळ्या शाईने काढली.

ती रांग महत्त्वाची ठरायला आणखी एक कारण होतं. किनाऱ्याला धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर झाला होता. नकाशावर जे जुन्या धक्क्याचं म्हणून दाखवलेलं असेल त्याला हात लावणार नाही, बाकीचं यंत्राने साफ होईल, असं बंधाऱ्याच्या साहेबांनी सरांना कबूल केलं होतं. हे मी मावशीला समजावून सांगितलं होतं. तिने मान डोलावली होती.

साहेब पाहणीला आले. सर त्यांना उत्साहाने दाखवत होते. हा मूळ धक्का, हा उतार, आणि ही नंतरची रांग. म्हणाले, “ही कोणी बांधली ते आता कळणं शक्य नाही. असतील इथलेच कोणी अनाम मजूर.”

मावशी शेजारच्याच खांबावर काम करत होती. हातोडी थांबली.

“अनाम म्हणजे?”

“म्हणजे ज्यांचं नाव माहीत नाही,” सर म्हणाले.

“मला इचारलं का कोणी? मी रोवलेत ते.”

मग तिने साहेबांसमोर सगळं सांगितलं. एका वादळात धक्क्याचे खांब आडवे झाले. ते वाहून जाऊ नयेत आणि कालवांना जागा व्हावी म्हणून नवरा-बायकोने ते होडीने ओढून इथे उभे केले. नवरा गेल्यावर उरलेले तिने एकटीने केले. सर माझ्याकडे बघत होते, मी खाडीकडे. साहेबांना मात्र सोपं झालं. म्हणाले, मग हे काही प्राचीन नाही, आणि बंधाऱ्याचा पाया नेमका इथेच येतो.

ते गेल्यावर मी तिच्यावर भडकले. गप्प राहिली असतीस तर रांग वाचली असती, असं तिला स्पष्ट सांगितलं. ती टोपलीवर ओलं फडकं टाकत होती.

“जुनं म्हणून नका ठेवू, बेन. माझं हाय म्हणून ठेवा.”



त्यानंतर ती साहेबांच्या कचेरीत जायला लागली. बसने डहाणूला यायची आणि दाराशी बसायची. शिपायाने उठवलं तर दुसऱ्या दाराशी. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला आत बोलावलं, चहा दिला, बंधाऱ्याची रेषा आता हलणार नाही हे माझ्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं. तिने बराच वेळ ती रेषा बघितली. मग विचारलं की रेषेच्या बाहेर, खाडीच्या बाजूला, कोणाचं काही आहे का. साहेब म्हणाले, काही नाही. यंत्र होळीनंतर येणार होतं. ती चहा संपवून उठली.

पुढच्या उधाणाला तिने काम काढलं. सत्तरीच्या आसपासची बाई. ओहोटीला खांबाला दोर आवळायचा, दुसरं टोक होडीला आखूड बांधायचं आणि भरतीची वाट बघत बसायचं. पाणी चढलं की होडी वर येते आणि खांबाला चिखलातून उपटते. मग तो होडीखाली लटकत रेषेबाहेर न्यायचा आणि पुढच्या ओहोटीला नव्या खड्ड्यात उभा करायचा, त्यावरची कालवं मरायच्या आत. गावातल्या दोन होड्या तिने मागून आणल्या. मागून म्हणजे सांगून. नाही म्हणायची सोय तिने कोणाला ठेवली नव्हती.

सर दोन दिवस काठावर उभे राहिले. अवशेष जागचा हलवायचा नाही हा त्यांचा धर्म, आणि तो त्यांनी मला पुन्हा एकदा समजावला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोर धरला. मीही उतरले. मावशी कमरेएवढ्या पाण्यात खांब मिठीत धरून उभी असायची आणि आम्हाला सांगायची, डावीकडे, अजून डावीकडे, हात आहेत का काय आहेत. खांब सरळ झाल्याशिवाय तिने एकदाही सोडला नाही, लाट तोंडावर आली तरी. मला तेव्हा ती फार आवडली. तिला तसं सांगितलं असतं तर तिने माझ्या तोंडाकडे बघून दोर घट्ट धरायला सांगितलं असतं.

होळीनंतर यंत्र आलं तेव्हा जुन्या जागी नुसते खड्डे होते.

नव्या रांगेवरची दोन वर्षांची कालवं तिला मिळाली. मग छातीचं दुखणं निघालं. कासा गावच्या दवाखान्यात तिला भेटायला गेले तेव्हा ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला कालवांचं कालवण कसं करायचं ते सांगत होती. मला म्हणाली, बंधाऱ्यावर कोणी कचरा टाकतं का बघ. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

या हिवाळ्यात मी ओहोटीची वेळ बघून तिकडे गेले. बंधाऱ्याचे दगड आता काळे पडलेत. त्याच्या पलीकडे रांग उभी होती आणि एक तरुण बाई वाकून कालवं काढत होती. माझ्या ओळखीची नव्हती. मी बंधाऱ्यावरून तिला विचारलं, ही रांग कोणाची?

“मावशीची,” ती म्हणाली.

मावशी तर गेली, मी म्हटलं. मग आता कोणाची?

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला माझा प्रश्न कळला नसावा.

“मावशीचीच. मी नुसती काढते.”