गोठलेलं खोबरेल

सुधाकरदा गेल्याचं वहिनींनीच फोनवर सांगितलं. झोपेतच गेला म्हणाल्या, आणि मग... "भावोजी, तेव्हा तुम्ही होतात म्हणून एवढी वर्षं तरी मिळाली." मी नुसतं "हो" म्हणालो.

सौदीतल्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत, बंदराजवळच्या शीतगोदामात आम्ही दोघं कामाला होतो. तो गुहागरचा, मी दापोलीचा. तो यंत्रं सांभाळायचा, मी माल. बाहेर अंगाची लाही, आत उणे वीस. गावच्या नमन-खेळ्यांत तो मृदंग वाजवायचा. इथे कॅम्पात जेवणाच्या ताटावरही बोटं सुरू व्हायची. "दादा, ताट तरी सोड," म्हटलं की म्हणे, "मग तुझ्या डोक्यावर वाजवू? तेही पोकळच आहे."

एका दुपारी नमाजासाठी काम थांबलं, सगळे बाहेर गेले. तो आत पंखा दुरुस्त करत होता आणि दार लागलं. आतून उघडायच्या दांड्यावर बर्फ धरला होता. पकड येईना म्हणून त्याने हातमोजे काढले आणि उघड्या बोटांनी त्या लोखंडाशी झटत राहिला. दार ठोकलंही, पण पंख्यांच्या घरघरीत ऐकणार कोण? नमाज संपल्यावर मी दार उघडलं, तेव्हा त्याची जीभ जड झाली होती आणि बोटं मेणबत्तीसारखी पांढरी, टणक.

मी घाबरलो. थंडीत आई करायची तेच केलं. हीटरपुढे बसवून, खोबरेल लावून बोटं चोळत सुटलो.

"दुखतंय का?"

"काहीच लागत नाही रे. चोळ अजून."

मी आणखी जोर लावला.

हॉस्पिटलात डॉक्टर संतापले. "किसने रगड़ा? जमी हुई उँगलियाँ रगड़ते नहीं, आग के पास नहीं ले जाते. गुनगुने पानी में रखनी थीं!" मी शेजारीच उभा होतो. माझ्याकडे न बघता सुधाकरदा म्हणाला, "मैंने खुद ही, साहब."

मी ते खोटं तसंच राहू दिलं. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. न चोळता वाचली असती का, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. टॅक्सीत तो एवढंच म्हणाला, "तोंड पाडू नकोस. दार तूच उघडलंस ना? खलास." त्यानंतर आमच्या ताटांवर काही वाजलं नाही.

वहिनी आभार मानत होत्या, आणि मी पुन्हा त्याच्याच खोट्याआड लपलो. हे ज्या पुरवणीत छापून येईल, ती त्या वाचतात. वहिनी, बोटं मी चोळली होती.

त्याने गावाहून आणलेली खोबरेलाची बाटली माझ्या कपाटात आहे. एसीत तेल गोठून पांढरं होतं. मी ती हीटरजवळ नेत नाही. दोन्ही तळव्यांत नुसती धरून बसतो, तेल वितळेपर्यंत.